राखलेलं घर

डबीरकाकूंना माणसांची नावं लक्षात राहत नसत, गावं राहत. चंदीगडला बदलून येणारा प्रत्येक मराठी माणूस त्यांच्या लेखी त्याच्या गावाच्या नावानं ओळखला जाई. टपाल खात्यातले एक गृहस्थ म्हणजे 'वाई', हवाई दलातलं एक नवं जोडपं म्हणजे 'सोलापूर', आणि मी 'मिरज'. "ए मिरज, एवढी मेथी निवडून टाक," असं त्या मला पहिल्या भेटीतच म्हणाल्या. आमचं सामान तेव्हा अजून रिक्षातून उतरायचं होतं.

माझे यजमान केंद्र सरकारच्या हिशेब तपासणी खात्यात होते. पंजाबात बदली म्हटल्यावर माझ्या आईनं डोळ्याला पदर लावला होता, कारण ते दिवसच तसे होते, अतिरेक्यांचे. सरकारी क्वार्टर मिळायला वेळ होता. ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं, "डबीरांकडे उतरा. सगळे तिथंच उतरतात." म्हणून आम्ही सेक्टर तेहतीसमधल्या त्या दुमजली घरी गेलो आणि पाव वर्ष राहिलो. पैशांचा विषय काढला तेव्हा काकू इतक्या दुखावल्या, की पुढे दोन दिवस माझ्या यजमानांना त्यांनी भातावर तूप वाढलं नाही.

काकू मूळच्या नागपूरच्या. बुटक्या, रुंद, तेल लावून घट्ट बांधलेला अंबाडा, आणि थंडीत साडीवर नवऱ्याचा हवाई दलातला निळा स्वेटर, बाह्या दुमडून. भाषा एकच, ती सगळ्यांशी सारखीच वापरायची. नागपुरी मराठीत हिंदी ढवळलेली, वरून पंजाबीची फोडणी. भाजीवाल्याला म्हणायच्या, "ओ भाई, ये गोभी काहून इतनी महँगी?" आणि तो सरदार हसून म्हणायचा, "काहून नूँ की दस्साँ, बीबीजी." म्हणजे, ह्या 'काहून'ला काय सांगू!

नवऱ्याचा उल्लेख 'डबीर' असा. विंग कमांडर डबीर उंच, शिडशिडीत, कमी बोलणारे. ते आसामात पोस्टिंगवर असताना हे घर काकूंनी उभ्यानं बांधून घेतलं होतं. लहानग्या लेकीला, शुभाला, कडेवर घेऊन त्या विटांच्या ढिगावर बसत. मिस्त्रीशी भांडून त्यांनी स्वयंपाकघर घराच्या दर्शनी बाजूला घेतलं. शेजारीपाजारी सगळ्यांच्या पुढच्या खिडक्यांत उंची पडदे, ह्यांच्या खिडकीत कढया. "गेटातून कोण येऊन राहिलं ते मला चुलीपासून दिसलं पाहिजे," त्या म्हणत. "म्हणजे तो चपला काढेपर्यंत चहा होतो."

माझ्या बाळंतपणाला आई यायची होती. तेवढ्यात गाड्यांबद्दल, बसबद्दल एकेक भयंकर बातमी येऊ लागली आणि वडिलांनी तिला पाठवलं नाही. सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलातून मला काकूंनीच आपल्या घरी नेलं. तेल लावणं, शेक, डिंकाचे लाडू, सगळं त्यांनी केलं. माझ्याआधी तिथं 'सोलापूर' बाळंत झाली होती, तिच्याआधी कुणी 'भुसावळ'. तीच दुपटी, तोच पाळणा.

त्याच दिवसांत एकदा माझे यजमान पटियाळ्याहून ठरल्या वेळी परतले नाहीत. बसमधून माणसं उतरवून गोळ्या घातल्याच्या बातम्या तेव्हा ताज्या होत्या. मी खिडकीपाशी उभी राहून रडायला लागले. काकूंनी माझ्यापुढे वाटाण्याच्या शेंगांची पाटी ठेवली. "रड, पण सोलत रड," म्हणाल्या. स्वतःही समोर बसल्या. आम्ही अख्खी पाटी सोलली. मग बाहेर स्कूटर वाजली. काकू उठल्या, गेटापर्यंत गेल्या, माझ्या नवऱ्याला दंडाला धरून आत आणलं आणि मग स्वतः न्हाणीघरात जाऊन बराच वेळ पाणी सोडून बसल्या. रडल्याचा आवाज येऊ नये म्हणून, हे मला नंतर कळलं.

निवृत्तीनंतर डबीरकाकांनी डेराबस्सीला इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या करायचा छोटा कारखाना काढला होता. आसपासच्या खेड्यांतल्या बायका तिथं कामाला येत. काचेच्या नळ्या ज्योतीवर फिरत, त्यांना आकार येई, आणि ह्या बायका एकेक कुपी उजेडासमोर धरून तडा पाहत. काका त्यांच्याबद्दल फार अभिमानानं बोलत. "गुरमीतच्या हातून गेलेली कुपी डोळे मिटून घ्या," म्हणत. गुरमीत त्यांच्यातली मुख्य, थोराड, करड्या आवाजाची बाई. एरवी गप्प असणारा हा माणूस काचेचा विषय निघाला की थांबत नसे.

मग ते सगळं बसत गेलं. अंधार पडायच्या आत बस बंद होऊ लागल्या, म्हणून संध्याकाळची पाळी गेली. कर्फ्यूत ट्रक अडकू लागले. आणि जी औषध कंपनी त्यांचा बहुतेक माल घेई, तिच्या मालकाला धमकी आली. तो आपला कारखाना मिटवून दुसऱ्या राज्यात निघून गेला, ह्यांची थकबाकी न चुकवता. काकांनी आधी स्वतःची पुंजी घातली, मग बँकेचं कर्ज वाढवलं. पगार अर्धे झाले, मग थांबले. बायका तरी येत राहिल्या, कारण साहेब देतील ह्याची त्यांना खात्री होती. शेवटी बँकेनं कारखान्याला कुलूप लावलं आणि काकांना कोर्टात नादारीचा अर्ज द्यावा लागला.

घराचं काय, हा प्रश्न तेव्हा आला. मी त्या दिवशी तिथं होते. वकील सूदसाहेब पुढच्या खोलीत बसून समजावत होते. घर गहाण नव्हतं. इकडच्या कायद्यात माणूस ज्या एका घरात राहतो, ते गहाण नसेल तर घेणेकऱ्याला जप्त करता येत नाही. "घर में रहिए, बस. कोई हाथ नहीं लगा सकता."

काका म्हणाले, "मी घर विकणार. माझ्या कामगारांचे पगार थकलेत. मी कायद्याच्या आड लपणार नाही."

सूदसाहेबांनी मान हलवली. घर आहे तोवर सुरक्षित. विकलं की त्याचे पैसे होतात, आणि पैशांवर पहिला हात बँकेचा पडेल. बायकांना काय मिळेल ते देवाला ठाऊक.

"बँकेशी मी भांडेन," काका म्हणाले.

"डबीर भांडतील," काकू म्हणाल्या, "आणि आपण कुठं राहू?"

"भाड्याच्या खोलीत. लोक राहत नाहीत?"

घर दोघांच्या नावावर होतं. काकूंच्या सहीशिवाय ते विकता येत नव्हतं. कॉलेजातून नुकतीच आलेली शुभा दारात उभी होती. ती ह्याच गावात वाढलेली. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीत द्यायची. ती म्हणाली, "मम्मी, साइन कर दो ना. पापा को देखो तो सही."

काकूंनी पापांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मी नाही करणार."

काका उठून आत गेले. त्या दिवसापासून त्यांनी काकूंशी बोलणं टाकलं. भांडण नाही, आवाज नाही. ताट वाढलं की जेवत, ताट उचलून ठेवत. रोज सकाळी दाढी करून, बूट घालून व्हरांड्यात बसत, जसे काही कुणी न्यायला येणार आहे. शुभा दिल्लीला नोकरी शोधून निघून गेली.

थोड्याच दिवसांनी कारखान्यातल्या बायका आल्या. आरडाओरडा केला नाही, घोषणा दिल्या नाहीत. गेटाबाहेर, फुटपाथवर बसून राहिल्या. एवढं मोठं घर आहे आणि आमचे पगार नाहीत, इतकंच त्यांना सांगायचं होतं आणि ते बसण्यानंच सांगून होत होतं. शेजारच्या घरांचे पडदे हलत होते. काका व्हरांड्यातून उठून आत गेले आणि दार लावून घेतलं. त्यांना त्या बायकांसमोर उभं राहवेना.

काकूंनी चहा पाठवला. बायकांनी घेतला नाही. ह्या घरातून चहा परत आलेला मी कधी पाहिला नव्हता. काकू बाहेर गेल्या आणि फुटपाथवर त्यांच्यातच मांडी घालून बसल्या.

"घर नहीं बेचूँगी," त्यांनी सरळ सांगितलं. "पैसे दूँगी."

गुरमीतनं विचारलं, "कदों, बीबीजी?"

"पता नहीं."

 गुरमीतला राग आला होता, आणि तो तिच्या चेहऱ्यावर होता. पण ती उठली आणि तिच्यामागोमाग बाकीच्या उठल्या.

आपल्या मराठी मंडळीत काय बोललं जात होतं ते मी ऐकत होते. माणूस तोंड लपवून बसलाय, बाई मात्र घर सोडायला तयार नाही. ज्यांनी महिना महिना तिथं जेवण केलं होतं, ते बाजारात काकू दिसल्या की पलीकडच्या दुकानात शिरत. गणपती दरवर्षी डबीरांच्या दिवाणखान्यात बसे. त्या वर्षी आमच्या मराठी मंडळानं तो दुसरीकडे ठरवला. काकूंना सांगायला कुणी तयार होईना, म्हणून मला पाठवलं.

त्या ओलं खोबरं खवत होत्या. मी आडवळणानं सुरुवात केली. त्यांनी खवणं थांबवलं नाही.

"तुला पाठवलं काय, मिरज? सगळ्यांत लहान म्हणून?"

मी हो म्हटलं.

"त्यांचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "ज्या घरानं कामाचे पैसे दिले नाहीत, तिथं देवाला काहून बसवायचं?" मग खवलेल्या खोबऱ्याच्या ढिगाकडे पाहून म्हणाल्या, "पण एवढं खोबरं... कुणीतरी दोन दिवस आधी सांगायचं न, बापा."

व्हरांड्यात काका होते. त्यांना सगळं ऐकू गेलं असणार. 

त्यानंतर काकूंनी घराचं रूपच बदललं. सेक्टर बत्तीसमध्ये तेव्हा मेडिकल कॉलेज नव्यानं सुरू झालं होतं. बाहेरगावच्या मुलींना राहायला जागा हवी होती. सूदसाहेबांनी बजावलं होतं की भाडेकरू ठेवू नका, तसं केलं तर घराचं संरक्षण जाईल. काकू म्हणाल्या, "भाडेकरू नाही, जेवायला-राहायला मुली." वरच्या सगळ्या खोल्यांत खाटा पडल्या. दिवाणखान्यातही पार्टिशन घालून दोघींची सोय झाली. स्वतः त्या गॅरेजवरच्या नोकराच्या खोलीत राहायला गेल्या. काका तळमजल्याच्या मागच्या लहान खोलीत.

आणि ज्या बाईनं कधी कुणाकडून पै घेतली नव्हती, ती आता पैशाच्या बाबतीत खमकी झाली. महिन्याची एक तारीख उलटली की मुलीच्या दाराशी उभी. जास्तीच्या पोळीला जास्तीचे पैसे. आंघोळीच्या गरम पाण्याला वेगळे. मुली मागे तिला 'थानेदारनी' म्हणत. मला ते बघवत नसे. एकदा मी बोलून गेले, "काकू, एवढं कडक कशाला?" त्या म्हणाल्या, "प्रेमानं पगार फिटत नाही, मिरज. करून पाहिलं मी."

येईल त्या पैशांतून खर्च वजा जाता त्या दर महिन्याला एकेका बाईला थोडे थोडे देत. बसनं डेराबस्सीला जात, गुरमीतला भेटत. हे त्यांनी मंडळात कुणालाच सांगितलं नाही. मलासुद्धा ते कळलं ते एका रविवारी, अचानक.

मी मुलाला घेऊन काकूंकडे गेले होते. गुरमीत आली. ओढणीच्या टोकाला बांधलेल्या नोटा तिनं सोडल्या आणि ओट्यावर ठेवल्या.

"एह वापस रख लओ, बीबीजी. मैनूँ साहब जी पहलां ही दे गए ने."

"केडे साहब?" काकूंना कळेना.

"साडे साहब. होर केडे?"

तेव्हा उलगडलं. काकांनी काही महिन्यांपूर्वी डेराबस्सीतल्या एका रंगाच्या कारखान्यात नोकरी धरली होती, सुरक्षा अधिकारी म्हणून. नाव मोठं होतं, काम फाटकापाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या लिहून घेण्याचं. एवढं काकूंना ठाऊक होतं. पगाराचं ते काय करतात हे त्यांनी विचारलं नव्हतं, त्यांनी सांगितलं नव्हतं. तो सगळा पगार ते त्याच बायकांना नेऊन देत होते. एका घरातली दोन माणसं एकच देणं वेगवेगळं फेडत होती आणि एकमेकांना पत्ता नव्हता.

गुरमीत गेल्यावर काकू व्हरांड्यात गेल्या. काका नुकतेच येऊन बुटांच्या नाड्या सोडत होते. मी स्वयंपाकघरातच थांबले.

"गुरमीत आली होती," काकू म्हणाल्या.

"हं."

"दोघांनी तिलाच दिले."

काकांनी हातातला बूट खाली ठेवला. मग म्हणाले, "बाकीच्या वाटून घेऊ."

कितीतरी काळानंतर ते त्यांच्याशी बोलले होते. काकू खाली पायरीवर बसल्या.

"मला त्यांची नावं आठवत नाहीत हो."

"गावं सांग," काका म्हणाले. "नावं मी सांगतो."

मग काकू एकेक गाव सांगत गेल्या, मुबारिकपूर, लालडू, हंडेसरा, आणि काका त्या त्या गावच्या बाईचं नाव सांगत गेले. ही तू घे, ही मी घेतो. मी मुलाला उचललं आणि मागच्या दारानं निघून आले.

त्यानंतर ते दोघं पहिल्यासारखे झाले असं मी म्हणणार नाही. बोलत, कामापुरतं. पण संध्याकाळी काकू मागच्या खोलीत त्यांच्यासमोर बसून जेवताना दिसत.

पुढच्याच हिवाळ्यात काकांना हृदयविकाराचा झटका आला. बत्तीसच्या हॉस्पिटलात आम्ही दोघं भेटायला गेलो तेव्हा नर्स इंजेक्शनची कुपी फोडत होती. ती वेडीवाकडी तुटली आणि तिच्या बोटाला लागलं. काका पुटपुटले, "घटिया माल है, सिस्टर. हमारा ऐसे नहीं टूटता था." काकू हसल्या. तोंडाला पदर लावून हसल्या आणि हसता हसता बाहेर निघून गेल्या. दोन दिवसांनी काका गेले. गुरमीत आणि तिच्याबरोबरच्या कितीतरी बायका आल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला. मराठी मंडळीही सगळी आली, आणि बऱ्याच जणांना त्या बायका कोण हे माहीत नव्हतं.

आमची बदली पुण्याला झाली तेव्हा निरोप घ्यायला गेले. काकू गॅरेजवरच्या खोलीत मुलींच्या उशांचे अभ्रे शिवत होत्या. मी म्हटलं, "काकू, तुम्ही घर विकू दिलं नाहीत तेच बरोबर होतं. विकलं असतं तर त्या बायकांना काही मिळालं नसतं."

त्यांनी मशीन थांबवलं.

"तुला खरं सांगू? तेव्हा मला त्या बायका आठवल्याच नाहीत. मला घर हवं होतं. मी बांधलेलं. बाकी सगळं मागून सुचलं." आणि मग, "डबीरना हे कळलं होतं. त्याचाच राग होता त्यांना. तो गेला की नाही, मला ठाऊक नाही. बायका वाटून घेतल्या, तेवढं मात्र केलं त्यांनी."

 मशीन पुन्हा सुरू झालं.

काही वर्षांनी यजमानांच्या कामासाठी चंदीगडला जायचा योग आला. पंजाब तोवर शांत झाला होता, संध्याकाळच्या बस पुन्हा भरून धावत होत्या. काकू थकल्या होत्या, अंबाडा अगदी लहानसा उरला होता. मला बघून म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर डेराबस्सीला. एक राहिली आहे."

ती राहिलेली म्हणजे भोली नावाची बाई. त्या वाईट दिवसांत तिचं कुटुंब घाबरून उत्तर प्रदेशात नातलगांकडे निघून गेलं होतं. कित्येक वर्षं पत्ता नव्हता, आता परत आल्याचं गुरमीतनं कळवलं होतं. आम्ही तिच्या घरी गेलो. तिला आधी काही समजेना, ती ते पैसे विसरूनही गेली होती. काकूंनी ते तिच्या हातात ठेवले तेव्हा ती म्हणाली, "बीबीजी, एह तां हुण रहण देंदे." काकू म्हणाल्या, "रहण नहीं देना." तिनं आम्हाला लस्सी दिली. गुरमीत बरोबर होती, ती एकदम रडायला लागली, आणि काकू तिला म्हणाल्या, "आता काय झालं रडायला?"

परतीच्या बसमध्ये गर्दी होती. काकूंना खिडकी मिळाली, मला त्यांच्या शेजारी. झिरकपूर मागे पडलं. मग काकू म्हणाल्या, "बँकेशी पण मागच्या साली तडजोड झाली. आता कुणाचं काही नाही."

"मग आता आराम करा. मुली कमी करा. खाली राहायला या."

"आता विकते," त्या म्हणाल्या. "शुभा म्हणून राहिली, 'दिल्लीला ये.' आजच्या आधी विकलं असतं तर पळून गेल्यासारखं झालं असतं. आता नाही होणार."

मी विचारलं, "काका असते तर काय म्हणाले असते?"

"म्हणाले असते, आता कशाला विकतेस, निर्मला." त्या बाहेर बघत राहिल्या. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. "माझंच ऐकायचं नाही, एवढंच त्यांना यायचं."

वर्षभरात त्यांनी घर खरंच विकलं आणि त्या शुभाकडे गेल्या. नव्या मालकानं ते पाडून तिथं तीन मजले बांधले असं कुणीतरी सांगितलं. दिल्लीत आमची भेट झाली नाही, आणि मग व्हायचीच राहिली.

त्या दिवशी बस बत्तीसच्या चौकात थांबली. मला पुढे सेक्टर सतराला जायचं होतं. "येते ग," म्हणून काकू उठल्या, लोकांच्या पायांतून वाट काढत खाली उतरल्या. मी सरकून त्यांच्या जागेवर बसले. ऊन समोरून येत होतं. त्यांनी रस्त्याच्या कडेला पिशवी खाली ठेवली, एका हाताची सावली डोळ्यांवर धरली आणि दुसरा हात हलवायला लागल्या. पण मी कुठल्या खिडकीत आहे ते त्यांना उन्हामुळे दिसेना. माझ्या पुढच्या तिसऱ्या खिडकीकडे बघून त्या हात हलवत होत्या. मी ओरडले, पण बसच्या आवाजात ते कुठलं ऐकू जायला. त्या खिडकीत एक म्हातारे सरदारजी बसले होते. त्यांनी क्षणभर इकडेतिकडे पाहिलं, आणि मग तेही, अगदी घरचं माणूस मागे राहिल्यासारखं, काकू दिसेनाशा होईपर्यंत हात हलवत राहिले.